स्थानी, आदेश आणि भिंत : उपहासात्मक भित्तिचित्रांच्या संहितेविषयी

राजकीय नेत्यांचा उपहास करणारे रस्त्यावरील भित्तिचित्र म्हणजे वृत्तपत्रातील व्यंगचित्राचाच वाढवलेला आकार, असे समजण्याची सवय सहज लागते. या समजुतीत एक मूलभूत भेद नजरेआड होतो. व्यंगचित्राला पान मिळालेले असते. त्या पानाला संपादक असतो, मालक असतो, तारीख असते. भित्तिचित्र बहुधा परवानगीवाचून दुसऱ्याच्या भिंतीवर उभे राहते आणि ज्या सत्तेवर ते बोट ठेवते तिच्याच हाती ते पुसण्याचे साधन असते. साहजिकच अशा चित्राची संहिता कोणती मानावयाची, हा प्रश्न उपस्थित होतो. पहिल्या दिवशी रंगवलेली? पुसल्यानंतर पुन्हा रंगवलेली? की छायाचित्राच्या रूपाने ग्रंथात स्थिरावलेली? प्रस्तुत लेखात कैरो आणि बर्लिन येथील दोन चित्रांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

कैरोतील तहरीर चौकातून मुहम्मद महमूद रस्ता निघतो आणि तो गृहमंत्रालयाच्या दिशेने जातो. नोव्हेंबर २०११ मध्ये या रस्त्यावर निदर्शक आणि सुरक्षा दले यांच्यात झालेल्या संघर्षात चाळीसहून अधिक माणसे मरण पावली. याच रस्त्याच्या तोंडाशी २०१२च्या आरंभी ओमर फाथी या तरुण चित्रकाराने एक चेहरा रंगवला. त्याचा अर्धा भाग पदच्युत राष्ट्राध्यक्ष होस्नी मुबारक यांचा होता, तर उरलेला अर्धा सर्वोच्च लष्करी मंडळाचे प्रमुख फील्ड मार्शल तंतावी यांचा. सोबत तीन-चार शब्दांचे एक वाक्य होते : 'इल्ली कल्लिफ मा मातश'.

या चित्राचे मर्म त्या वाक्यात आहे. इजिप्तच्या बोलीत 'इल्ली खल्लिफ मा मातश' अशी म्हण आहे. ज्याने मागे वंश ठेवला तो मेलाच नाही, असा तिचा अर्थ. चित्रकाराने 'ख'च्या जागी 'क' घातला आणि म्हणीचा अर्थ पालटला : ज्याने दुसऱ्यावर कारभार सोपवला तो मेलाच नाही. हा 'क' केवळ ध्वनिसाम्यासाठी आलेला नाही. ११ फेब्रुवारी २०११ रोजी उपराष्ट्राध्यक्ष ओमर सुलेमान यांनी दूरचित्रवाणीवरून मुबारक यांच्या पदत्यागाची घोषणा केली, तेव्हा देशाचा कारभार लष्करी मंडळावर सोपवल्याचे सांगताना याच धातूचे क्रियापद वापरले होते. म्हणजे राजकीय निवेदनातला शब्द उचलून तो लोकोक्तीत बसवला गेला. ज्या वाक्याने क्रांती यशस्वी झाल्याची ग्वाही दिली, त्याच वाक्यातल्या क्रियापदाने ती ग्वाही पोकळ ठरवली. उपहासासाठी बाहेरून विशेषण आणावे लागले नाही. सत्तेची भाषाच सत्तेविरुद्ध साक्षीला उभी राहिली.

येथे आपल्या व्याकरणपरंपरेतील एक संकल्पना उपयोगी पडते. पाणिनीय व्याकरणात जो वर्ण वा शब्दरूप हटवले जाते त्याला 'स्थानी' म्हणतात आणि त्याच्या जागी जे येते त्याला 'आदेश'. आदेश शत्रूसारखा असतो, तो पूर्वीच्याला घालवून देतो, असे परंपरेने म्हटले आहे. तरीही त्याच शास्त्रात स्थानिवद्भावाचा नियम आहे : काही मर्यादा सोडल्यास आदेश हा स्थानीसारखाच मानावा, स्थानीला लागू असलेली कार्ये त्यालाही लागू व्हावीत. फाथीचे चित्र नेमके हेच सांगते. तंतावी हा मुबारकचा आदेश आहे. रूप बदलले, कार्य तेच राहिले. म्हणीत 'ख'चा 'क' होणे आणि चेहऱ्यात मुबारकचा तंतावी होणे या एकाच प्रक्रियेच्या दोन पातळ्या आहेत. शब्द चित्राची शोभा वाढवीत नाही, चित्रही शब्दाचे स्पष्टीकरण देत नाही. दोहोंची रचना एकच आहे.

त्यामुळेच हे चित्र पुसले गेले तरी संपले नाही. मे २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या सुमारास ते पांढऱ्या रंगाखाली गेले, तेव्हा पुन्हा रंगवताना त्या चेहऱ्यामागे आणखी दोन चेहरे आले : अम्र मूसा आणि अहमद शफीक. दोघेही त्या निवडणुकीतील उमेदवार आणि दोघेही मुबारक यांच्या राजवटीतील माजी मंत्री. म्हणीतील 'इल्ली' हे 'जो' या अर्थाचे सर्वनाम आहे. त्यात कोणाचेही नाव नाही, म्हणून कोणाचेही नाव बसू शकते. पुसणाऱ्याने जागा मोकळी केली आणि रचनेने ती भरून काढली. अशा संहितेचा मूळ पाठ शोधून पाठभेद तळटीपांत घालणे व्यर्थ आहे. येथे पाठभेदांची मालिका हीच संहिता आहे आणि पांढरा रंग हा त्या मालिकेतील एक पाठ आहे.

बर्लिनचे उदाहरण याच्या दुसऱ्या टोकाला आहे. ऑक्टोबर १९७९ मध्ये पूर्व जर्मनीच्या तिसाव्या वर्धापनदिनाच्या प्रसंगी ब्रेझनेव्ह आणि होनेकर यांनी परस्परांचे चुंबन घेतले. रेजिस बोसू यांनी टिपलेल्या त्या छायाचित्रावरून दिमित्री व्रुबेल या रशियन चित्रकाराने १९९० मध्ये भिंतीच्या पूर्व बर्लिनकडील अंगावर ते दृश्य रंगवले. 'देवा, या जीवघेण्या प्रेमातून मला तगू दे' अशा आशयाचे शब्द त्याने सोबत लिहिले. शृंगाराची अनुकृती म्हणजे हास्य, हे नाट्यशास्त्रातील सूत्र इथे तंतोतंत लागू पडते. मात्र ही अनुकृती चित्रकाराने रचलेली नाही. राजशिष्टाचार म्हणून नेत्यांनीच ती आधी पार पाडली होती. चित्रकाराने त्यात एका तिसऱ्याला बोलते केले. 'मला' म्हणणारा त्या आलिंगनात कोठेही दिसत नाही, पण जीव त्याचा जातो आहे.

तथापि हे चित्र रंगवले गेले तेव्हा ब्रेझनेव्हला मरून आठ वर्षे झाली होती, होनेकर सत्ताभ्रष्ट झाला होता आणि भिंतही खुली झाली होती. चित्र पुसण्याची गरज वाटावी असा कोणी उरलाच नव्हता. पुढे तो भिंतीचा भाग संरक्षित स्मारक ठरला. २००९ मध्ये जीर्णोद्धारासाठी जुना थर काढून टाकण्यात आला आणि व्रुबेलने तेच चित्र पुन्हा रंगवले. कैरोतही खोडले आणि बर्लिनमध्येही खोडले; पण एका ठिकाणी बोलणे थांबावे म्हणून, दुसऱ्या ठिकाणी बोललेले जसेच्या तसे राहावे म्हणून. तसेच्या तसे राहिलेले चित्र आता स्मृती जपते. उपहासाची धार त्यात अनुमानानेच जाणवते. ती धार पुन्हा दिसली ती अन्यत्र : मे २०१६ मध्ये लिथुएनियातील व्हिल्नियस येथे मिंडाउगास बोनानू याने त्याच चुंबनाच्या साच्यात ट्रम्प आणि पुतिन यांना बसवले, आणि काही महिन्यांतच त्यावर पांढरा रंग फासला गेला. जुन्या चित्राला नवा आदेश मिळाला तेव्हा ते पुन्हा कोणालातरी बोचले.

यावर एक आक्षेप संभवतो. पुसले जाणे हाच गुणवत्तेचा दाखला मानला, तर कोणतीही शिवीगाळ श्रेष्ठ ठरेल. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच निकष पुसले जाण्यात शोधू नये. पुसल्यानंतर नव्या चेहऱ्याला सामावून घेणारी जागा त्या चित्राच्या घडणीतच आहे काय, हा खरा निकष होय. नेत्याचे नाक लांब करणारे चित्र त्या नेत्याबरोबर मावळते, कारण त्याचा रोख व्यक्तीवर असतो. अर्ध्या चेहऱ्याचे चित्र व्यक्तीपेक्षा पदांतराची रीत दाखवते.

शिवाय कैरोची भिंत केवळ हास्याची नव्हती. फेब्रुवारी २०१२ मध्ये पोर्ट सईदच्या क्रीडागारात सत्तरहून अधिक माणसे मारली गेल्यावर त्याच रस्त्यावर अम्मार अबू बक्र आणि अला अवाद यांनी मृतांचे चेहरे रंगवले. रौद्रातून करुण निपजतो, असे भरताने म्हटले आहे. त्या भिंतीवर रौद्र अदृश्य आहे. एकीकडे त्याची टवाळी दिसते, दुसरीकडे त्याचा परिणाम. नेत्यांचे चेहरे बदलता येतात, मृतांच्या चेहऱ्यांना आदेश नाही. हा भेद त्या भिंतीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला विनासायास कळत होता. एकेका चित्राचे सुटे छायाचित्र छापणाऱ्या ग्रंथातून तो निसटतो.

सप्टेंबर २०१५ मध्ये त्या रस्त्यावरील अमेरिकन विद्यापीठाच्या भिंतीचा काही भाग पाडण्यात आला. मुबारक २०२० मध्ये आणि तंतावी २०२१ मध्ये निवर्तले. आता अभ्यासकाच्या हाती छायाचित्रे आहेत. त्यांना अंतिम संहिता मानून केवळ रेषा, रंग आणि साम्य यांची चर्चा केली, तर कैरोचे चित्रही आपण बर्लिनच्या चित्रासारखे स्मारक करून ठेवू. प्रत्येक छायाचित्राखाली तारीख हवी, आधीच्या थराची नोंद हवी, शेजारी काय रंगवले होते ते हवे आणि ते कोणी पुसले हेही हवे. म्हणीतला माणूस मेला की नाही, याचे उत्तर मृत्युलेखातून मिळत नाही. त्याच्या जागी कोण आले आणि त्याचे कार्य कोणते, हे पाहावे लागते. ते पाहण्याची शिस्त त्या चित्राने आपल्या रचनेतूनच शिकवली आहे.