बेरजेतील शेवटची ओळ

युरोपमधील हवाई वाहतुकीशी संबंधित पाच संघटनांनी मिळून फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘डेस्टिनेशन २०५०’ नावाचा आराखडा प्रसिद्ध केला. २०५० पर्यंत युरोपातून सुटणाऱ्या विमानांचे कार्बन डायऑक्साइडचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणणे हे त्याचे उद्दिष्ट. विमान कंपन्या, विमानतळ, विमाने बांधणारे कारखाने आणि आकाशमार्गांचे नियंत्रण करणाऱ्या यंत्रणा असे सगळे त्यात सहभागी झाले. आकडेमोड नेदरलँड्समधील दोन संस्थांनी केली. एरवी आपापले हितसंबंध जपणारे हे घटक एकत्र आले, ही गोष्ट निश्चितच कौतुकाची आहे. विज्ञानशिक्षकांनी हा आराखडा जरूर पाहावा. त्यामागील संशोधन मोलाचे आहे, आणि त्याची मांडणी कोठे लंगडी पडते हे शालेय गणितानेही तपासता येते.

आराखड्याचे सार एका बेरजेत आहे. वाहतूक वाढत गेली आणि विमाने मात्र आजच्यासारखीच राहिली, तर २०५० मध्ये सुमारे २९ कोटी ३० लाख टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडेल. हा आकडा शून्यावर कसा आणायचा? २० टक्के घट हायड्रोजनवरील विमानांमुळे, १७ टक्के इतर सुधारित विमानांमुळे, ६ टक्के हवाई मार्गांच्या चांगल्या नियोजनामुळे, ३४ टक्के नव्या प्रकारच्या इंधनांमुळे आणि ८ टक्के उत्सर्जनावरील आर्थिक उपायांमुळे. उरलेली १५ टक्के घट या सर्वांमुळे तिकिटे महागून प्रवास कमी झाल्याने. एकूण १००. बेरीज बिनचूक आहे. परंतु या बेरजेतील सर्व संख्या एकाच जातीच्या आहेत का?

प्रथम हायड्रोजन घेऊ. एक किलो हायड्रोजन जाळल्यास सुमारे १२० मेगाज्यूल ऊर्जा मिळते. विमानाच्या केरोसिनपासून ४३. येथवर हायड्रोजन सरस. मात्र त्याला द्रवरूपात ठेवण्यासाठी उणे २५३ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावे लागते, आणि तरीही एका लिटरमध्ये तो जेमतेम ७१ ग्रॅम मावतो. केरोसिन मावते सुमारे ८०० ग्रॅम. म्हणजे तेवढ्याच ऊर्जेसाठी चौपट आकारमानाची टाकी हवी. अशी उष्णतारोधक टाकी पंखांत बसत नाही. तिच्यासाठी विमानाची रचनाच बदलावी लागते. एअरबस कंपनीने सप्टेंबर २०२० मध्ये असे विमान २०३५ पर्यंत आणण्याचे जाहीर केले होते आणि आराखड्यानेही तेच वर्ष धरले. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने ही मुदत पुढे ढकलल्याचे स्पष्ट झाले. बेरजेचा एक पंचमांश भाग अशा विमानांवर उभा होता, जी अद्याप बांधली गेलेली नाहीत.

आता सर्वांत मोठी ३४ टक्क्यांची ओळ पाहू. वापरलेले खाद्यतेल, वनस्पतिज कचरा, किंवा वीज वापरून हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून बनवलेले इंधन आजच्या इंजिनांत मिसळून वापरता येते. अडचण आहे ती प्रमाणाची. २०२४ मध्ये जगभर अशा इंधनाचे उत्पादन सुमारे दहा लाख टन झाले; विमानांच्या एकूण इंधनात त्याचा वाटा ०.३ टक्के होता. युरोपीय कायद्याने मात्र २०५० साठी ७० टक्क्यांचे बंधन घातले आहे. ब्रिटनच्या रॉयल सोसायटीने २०२३ मध्ये असा हिशेब मांडला, की केवळ ब्रिटनमधील विमानांचे इंधन ऊर्जापिकांपासून मिळवायचे तर त्या देशाची निम्मी शेतजमीन लागेल. हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. मे २०२३ मध्ये पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एका विमानात उसाच्या मळीपासून बनवलेल्या इंधनाचे मिश्रण वापरले होते. प्रमाण होते १ टक्क्यापर्यंत. प्रयोग अभिनंदनीयच, पण १ टक्क्याचे ७० टक्के करायचे झाले तर ऊस आणि त्याला लागणारे पाणी कोठून आणणार?

याचा अर्थ सहकार्याने केलेले संशोधन निष्फळ ठरले असा नव्हे. युरोपात २००८ मध्ये ‘क्लीन स्काय’ हा संयुक्त कार्यक्रम सुरू झाला. त्यातूनच विरुद्ध दिशांनी फिरणाऱ्या, आवरण नसलेल्या दुहेरी पात्यांचे इंजिन तयार होऊन २०१७ मध्ये फ्रान्समधील इस्त्र येथे त्याची जमिनीवर चाचणी झाली. एकट्या कंपनीला असा धोका पत्करणे अवघड गेले असते. पण असे इंजिन घेऊन उडणारे प्रवासी विमान अजून सेवेत आलेले नाही. प्रयोगशाळेपासून धावपट्टीपर्यंतचे अंतर असे दशकांत मोजावे लागते, आणि २०५० ला आता तेवढी दशके उरलेली नाहीत.

माझा मुख्य आक्षेप शेवटच्या, १५ टक्क्यांच्या ओळीवर आहे. सगळ्या बेरजेत नवा शोध न लागताही साधता येण्यासारखी सर्वांत मोठी घट हीच: कमी उड्डाणे. तरीही आराखड्यात ती उपाय म्हणून येत नाही, महागाईचा अनुषंगिक परिणाम म्हणून येते. किती उड्डाणे आवश्यक आहेत, हा प्रश्न विचारलाच गेला नाही. कारण आराखडा करणाऱ्या सर्वांची मिळकत उड्डाणांवरच अवलंबून आहे. हा प्रश्न विचारता येत नाही असे मुळीच नाही. जेथे आगगाडीने अडीच तासांच्या आत जाता येते अशा काही देशांतर्गत मार्गांवरील विमानसेवा फ्रान्सने २०२३ मध्ये बंद केली. परिणाम लहान होता, पण प्रश्न तरी पटलावर आला. सहकार्यात कोण आहे, यावर संशोधनाचे प्रश्न ठरतात. प्रवासी, रेल्वे आणि हवामानशास्त्रज्ञ या चर्चेत बरोबरीने असते, तर कदाचित ही ओळ सर्वांत वर आली असती.

हवामानशास्त्रज्ञांचे नाव घेण्यास आणखी एक कारण आहे. विमानांमागे उमटणारे बर्फकणांचे पांढरे पट्टे आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचाही तापमानवाढीत वाटा असतो. २०२१ च्या एका प्रमुख अभ्यासानुसार विमानांच्या एकूण तापकारक परिणामापैकी सुमारे दोन तृतीयांश भाग कार्बन डायऑक्साइडखेरीज इतर कारणांचा आहे. या अंदाजात अनिश्चितता मोठी आहे, हेही त्या अभ्यासात नमूद आहे. आराखड्याची बेरीज मात्र फक्त कार्बन डायऑक्साइडची आहे. उद्दिष्ट पूर्ण झाले तरी परिणाम शून्य होईलच असे नाही.

नववी-दहावीच्या वर्गात या बेरजेचा चांगला उपयोग होईल. सहाही ओळी फळ्यावर लिहाव्यात आणि प्रत्येकीसमोर विद्यार्थ्यांनी ‘आज वापरात’, ‘चाचणीत’ किंवा ‘कागदावर’ अशी नोंद करावी. मग फक्त ‘आज वापरात’ असलेल्या ओळींची पुन्हा बेरीज करावी, आणि उरलेल्या प्रत्येक ओळीसाठी काय काय घडून यावे लागेल याची यादी करावी. भविष्यकाळाचे असे आराखडे ऊर्जा, पाणी, वाहतूक या सर्वच क्षेत्रांत आपल्यासमोर येत राहणार आहेत. ते वाचण्याची सवय शाळेतच लागलेली बरी.