‘रझाकार’ : एका शब्दाची फिरलेली चाल

ढोकी आणि आसपासच्या गावांतली जुनी माणसे ‘रझाकारात’ असे म्हणत; ‘प्लेगात’, ‘दुष्काळात’ म्हणावे तसे. ‘रझाकारात आम्ही बार्शीला होतो’ या वाक्यात रझाकार हा माणूस उरत नाही, काळ होतो. ढोकी निजामाच्या राज्यात, बार्शी मुंबई इलाख्यात. सरहद्द ओलांडली की जीवाची धास्ती कमी व्हायची.

व्युत्पत्ती मात्र अगदी सालस आहे. अरबी ‘रिझा’ म्हणजे संमती, फारसी ‘कार’ म्हणजे करणारा. रझाकार म्हणजे राजीखुशीने राबणारा, स्वयंसेवक. आपले ‘राजी’ आणि ‘राजीनामा’ त्याच कुळातले. उर्दूत आजही हा शब्द त्याच अर्थाने चालतो. मराठीत तो फिरला कासीम रझवीच्या संघटनेमुळे. रझवी लातूरचा वकील, आणि लातूर १९८२ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होते. पुढे १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात, आजच्या बांगलादेशात, याच शब्दाची पुन्हा तीच गत झाली.

‘दहशतवादी’ हा शब्द सोसणाऱ्याच्या बाजूने घडला आहे. त्याला ‘वाद’ जोडून आपण मारेकऱ्याला फुकटचे तत्त्वज्ञान बहाल केले, हे मला नेहमी खटकते. ‘रझाकार’ हे त्यांनी स्वतः घेतलेले नाव. लोकांनी ते बदलले नाही, आतला अर्थ तेवढा काढून घेतला.

माझी तक्रार पुढच्या वापराबद्दल आहे. मुक्तिसंग्रामावरच्या आपल्या लेखनात हा शब्द फार सैल पडतो. एका सशस्त्र संघटनेचे नाव गावातल्या पिंजाऱ्या-तांबोळ्यालाही सहज चिकटते. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने शरणागती जाहीर केली. त्यानंतर मुसलमानांची जी कत्तल झाली, तिची पाहणी करायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव घातले. अहवाल कित्येक दशके दडून राहिला.

त्या मारणाऱ्यांसाठी मराठीत शब्द नाही. आहे तो ‘पोलीस ॲक्शन’, आणि तोही सरकारी. कारवाई तर लष्कराची होती. ज्या घरांतली माणसे तेव्हा गेली, तिथेही ‘पोलीस ॲक्शनमध्ये गेले’ एवढेच सांगतात.