‘हॅलेलुया’: गाणारे उदंड, निवडणारे थोडे

लिओनार्ड कोहेनच्या ‘हॅलेलुया’पासून आता सुटका नाही. गाण्यांच्या स्पर्धा, नाताळचे कार्यक्रम, शोकसभा, मालिकांमधले मृत्यूचे प्रसंग, सगळीकडे तेच. खुद्द कोहेनच २००९ साली एका मुलाखतीत म्हणाला होता की गाणं चांगलं आहे, पण ते गाणारे फार झालेत. तरीही या गर्दीत दोन-चार गायक असे आहेत, ज्यांना ऐकल्याशिवाय हे गाणं पुरतं हाती लागत नाही. त्यांना शोधायचं कसं? माझ्या मते आवाजाच्या आधी एक गोष्ट पाहावी: गायकाने कोणती कडवी ठेवली आणि कोणती गाळली.

या गाण्याची जडणघडणच तशी आहे. कोहेनने वर्षानुवर्षं कडव्यांमागून कडवी लिहिली आणि १९८४ च्या ‘व्हेरियस पोझिशन्स’ या अल्बममध्ये त्यांतली फक्त चार घेतली. दावीद राजा, गच्चीवर न्हाणारी स्त्री, कापलेले केस असे बायबलमधले संदर्भ, संथ लय, मागे कॉयर. शेवटच्या कडव्यात हिशेब देणाऱ्या माणसाची नम्र कबुली. कोलंबिया कंपनीने हा अल्बम अमेरिकेत काढायलाच नकार दिला.

१९९१ मध्ये ‘आय ॲम युअर फॅन’ या अल्बमसाठी जॉन केलने कोहेनकडे शब्द मागितले, तेव्हा फॅक्सवरून पंधरा पानं आली. केलने मूळची पहिली दोन कडवी ठेवली, शेवटची दोन काढली आणि कोहेनच्या न छापलेल्या कडव्यांतली तीन जोडली. त्यांत शरीराची ओढ आहे, दुरावा आहे, हरल्याची कडू जाणीव आहे. साथीला फक्त पियानो. आवाज कोरडा, कुठेही लाडिकपणा नाही. प्रार्थनेकडे झुकणारं गाणं त्याने बिछान्याशी आणून सोडलं. आज जगभर गायलं जातं ते बहुतांशी केलने रचलेलं ‘हॅलेलुया’.

जेफ बकलीने १९९४ च्या ‘ग्रेस’मध्ये हीच पाच कडवी घेतली. सुरुवातीला एक उच्छ्वास ऐकू येतो, मग एकट्या इलेक्ट्रिक गिटारचे सुटे सुटे स्वर. केलचा माणूस सगळं भोगून बसलेला वाटतो. बकलीचा अजून त्यातच होरपळतो आहे. शब्द तेच असून माणूस बदलतो. एकच बंदिश दोन घराण्यांत ऐकावी, तसं हे आहे. के. डी. लँगने २००४ मध्ये ते गायलं तेव्हा दुःख मिरवलं नाही. स्वर शांतपणे लावला आणि शेवटी पूर्ण मोकळा केला.

घसरण सुरू होते ती गाणं ‘सोयीचं’ झाल्यावर. २००१ च्या ‘श्रेक’ चित्रपटात केलचाच आवाज आहे, पण मुलांसाठी धीट ओळी छाटलेल्या. २००८ मध्ये ‘एक्स फॅक्टर’ची विजेती अलेक्झांड्रा बर्क ब्रिटनच्या गाण्यांच्या विक्रीयादीत नाताळला पहिली आली, बकली दुसरा आणि मूळ कोहेन छत्तिसावा. बर्कचा गळा तयार आहे, यात शंका नाही. पण तिथे गाणं पायरी-पायरीने टाळ्यांकडे चढत जातं. कोहेनच्या शब्दांतली हार त्या चढणीत ऐकूच येत नाही. नंतरच्या कितीतरी गायकांनी हाच उत्सवी साचा उचलला आणि पद नुसतं घोळवत ठेवलं.

उतारवयात कोहेन पुन्हा दौऱ्यांवर निघाला. ‘लाइव्ह इन लंडन’ हे २००८ मधल्या मैफलीचं ध्वनिमुद्रण मिळवून ऐका. केलने गाळलेलं ते हिशेबाचं कडवं कोहेन तिथे शेवटी गातो, पिकलेल्या, खर्जातल्या आवाजात. आधी केल ऐकावा, मग बकली, आणि त्यानंतर हा म्हातारा कोहेन. या तिघांनंतर नवं ‘हॅलेलुया’ गाऊ पाहणाऱ्याने आधी पंधरा पानं वाचावीत, निवड करावी आणि मगच तोंड उघडावं.