तपकिरी छायाचित्रें आणि काळा पाषाण

प्रवासांत एखादें प्राचीन देवालय पाहिलें कीं त्याचें छायाचित्र तपकिरी, म्हणजे ज्यास सेपिया म्हणतात त्या रंगांत, करून घेण्याची आवड आपल्या सुशिक्षित कुटुंबांत बरीच रूढ झाली आहे. पुष्कळ दिवाणखान्यांत अशीं चित्रें टांगलेलीं दिसतात. दुसऱ्याच्या आवडीवर टीका करणें अरसिकपणाचें समजलें जातें, हें आम्ही जाणून आहों. परंतु या आवडीनें आम्हांसही एकदां चकविलें असल्यामुळें दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे.

दौंड तालुक्यांतील यवतहून डोंगर चढून गेलें म्हणजे भुलेश्वराचें देवालय लागतें. गांव माळशिरस, तालुका पुरंदर. पण बरेच यात्रेकरू यवतच्या वाटेनेंच जातात. मूळ मंदिर यादवकालीन, काळ्या पाषाणाचें. त्याच्या सभोंवार सतराव्या शतकांत मुरार जगदेवानें उभारलेल्या दौलतमंगळ किल्ल्याचे अवशेष आहेत, आणि मंदिरावर मागाहून झालेलें चुन्याचें काम आहे. आंत स्त्रीरूपांतील गणेशाची दुर्मिळ मूर्ति आहे. भिंतींवरील अनेक मूर्तींचे हात व मुखें मात्र भंगलेलीं आहेत. तेथें आम्हीं एक छायाचित्र काढलें, घरीं येऊन त्यास तपकिरी छटा दिली आणि चौकटींत बसविलें. येणाराजाणारा त्याची वाखाणणी करी. एके दिवशीं आमच्या घरांतील एका मुलीनें, जी त्या प्रवासांत आमच्याबरोबर नव्हती, विचारलें, "हें देऊळ राजस्थानांतलें का?"

तिचें कांहीं चुकलें नव्हतें. तपकिरी छटेंत आपला काळा बेसाल्ट वालुकाश्मासारखा दिसूं लागतो. सह्याद्रीच्या अंगाचा दगड आम्हीं एका क्षणांत परमुलखांत नेऊन ठेविला होता. त्याहून मोठी हानि निराळीच. यादवांचा पाषाण, पुढील काळांतला चुना, जुना भंग आणि नवी डागडुजी हीं सर्व त्या छटेंत एकवर्ण झालीं. जेथें कित्येक शतकें एकमेकांशेजारीं उभीं आहेत, तेथें केवळ 'जुनेपणा' तेवढा उरला.

कोणी म्हणेल, जुनीं छायाचित्रें तरी तपकिरीच असत ना? असत, पण तो रंग त्यांनीं हौसेनें घेतलेला नव्हता. १८५० पासून प्रचारांत आलेल्या, अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर चित्र स्वभावतःच तपकिरी उतरे. पुढें गंधकयुक्त रसायनानें चित्रांतील चांदीचें सल्फाइड करण्याची रीत निघाली. तिनें रंग पालटे खरा, पण चित्र अधिक टिकेही. माकूळ जातीच्या समुद्रजीवाच्या शाईवरून या रंगास सेपिया हें नांव पडलें. आज तीच छटा बोटाच्या एका स्पर्शानें मिळते. तिच्यानें टिकाऊपणा येत नाहीं. वय तेवढें उसनें येतें.

दौंडाच्या शेजारीं शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव आहे. तेथें १९६८ पासून १९८३ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें उत्खनन केलें. सांकळिया, अन्सारी व ढवळीकर या विद्वानांच्या परिश्रमानें इसवी सनापूर्वी सुमारें १६०० ते ७०० या काळांतील शेतकऱ्यांची वसाहत उजेडांत आली. घरांच्या जमिनीखालीं कुंभांत पुरलेलीं बालकेंही सांपडलीं. मातीचा थर एकदां खणला म्हणजे तो पुन्हां जसाच्या तसा पाहावयास मिळत नाहीं. मागें राहतात त्या टिपणें, आराखडे आणि छायाचित्रें. म्हणूनच उत्खननाच्या छायाचित्रांत मोजपट्टी ठेवण्याची शिस्त आहे. अशीं चित्रें दिवाणखान्यांत कोणी लावणार नाहीं. पण त्यांच्यावांचून ती वसाहत आज कोणास दाखवितां आली असती?

प्रवासी हा संशोधक नव्हे, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. तथापि देवालयही स्थिर नसतें. तेल, शेंदूर, रंग, सिमेंट यांनीं तें हळूहळू पालटत असतें. कोणत्या मूर्तीचा हात कोणत्या वर्षापर्यंत शाबूत होता, हें पुढें एखाद्या कुटुंबाच्या सहलीच्या चित्रावरूनच ठरावयाचें असेल. ज्यांस तपकिरी छटा आवडते त्यांनीं ती खुशाल द्यावी. मात्र मूळ रंगीत चित्र जपून ठेवावें, आणि त्यासोबत दिवस, ठिकाण व दिशा एवढें तरी लिहावें. यास फारसे श्रम पडत नाहींत.

आम्हीं स्वतः मूळ चित्र राखलें नव्हतें. म्हणून त्या मुलीस बरोबर घेऊन आम्ही पुन्हां भुलेश्वरास गेलों. या खेपेस तिनें काढलेलें चित्र काळें आहे, थोडें अंधारलेलें आहे, आणि दिवाणखान्यांत तें तितकेंसें शोभतही नाहीं. सध्यां भिंतीवर तेंच आहे.