नावातली मोकळी जागा

नाटकांची परीक्षणं होतात, दिवाळी अंकांची होतात, शेजारणीच्या पुरणपोळीचं तर खाता खाताच होतं. मग संगणकाच्या एखाद्या आज्ञेनंच काय घोडं मारलंय? म्हणून आज 'एक्सआर्ग्ज' या आज्ञेचं परीक्षण.

नाव घशात कुसळ अडकावं तसं आहे, पण काम आपल्या ओळखीचं. युनिक्स प्रणालीत १९७३ साली डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून केन टॉम्प्सन यांनी 'पाइप' बसवला. एका आज्ञेनं ओतावं, दुसरीनं झेलावं. पण काही आज्ञा नळाखाली भांडंच धरत नाहीत. फाइली पुसणारी 'आरएम' त्यातलीच. तिला नावं हवीत ती पुढ्यात मांडलेली. तिथं एक्सआर्ग्ज मध्ये पडतो. नळातून येणारी नावं गोळा करतो, आज्ञेमागे रांगेनं बसवतो आणि आज्ञा सोडतो. एका वेळी किती नावं मावतील याला मर्यादा असते. ती भरली की हा दुसरी पंगत बसवतो, मग तिसरी. वाढपी म्हणून गृहस्थ अव्वल!

घोटाळा होतो तो पानं मांडताना. याला मोकळी जागा दिसली की नाव संपलं असं वाटतं. आपल्याकडे माणूस स्वतःच्या नावामागून वडिलांचं नाव आणि आडनाव घेऊन येतो. हा तीन पानं मांडतो.

आमचे एक स्नेही हिर्डोशीचे. भोरहून वरंधा घाटाकडे जाताना लागतं ते हिर्डोशी. पावसाळ्यात तिथं कागद कोरडा ठेवणं हे एक व्रतच. म्हणून त्यांनी घरातले जुने फोटो संगणकावर चढवले. आजोबांचा फोटो एकुलता एक. त्याच्या दोन प्रती काढल्या. स्वच्छ आली तिचं नाव 'आजोबा', आणि हात हलला तिचं 'आजोबा हलले'. मूळ फोटो पुढे ओलीनं गेला.

एके दिवशी साफसफाई निघाली. 'हलले' शब्द असलेली नावं निवडून त्यांनी एक्सआर्ग्जमार्फत आरएमकडे धाडली. एक्सआर्ग्जनं एका नावाची दोन केली. 'आजोबा' पुसले गेले. 'हलले' नावाची फाइल सापडत नाही, अशी वर तक्रार! आणि 'आजोबा हलले' जागच्या जागी सुखरूप. आरएमकडे कचरापेटी नसते, त्यामुळे मागून उचकायची सोय नाही. आज त्यांच्या भिंतीवर हललेलेच आजोबा आहेत.

आता न्यायानं बोलायचं तर ही आज्ञा सत्तरच्या दशकातली, बेल प्रयोगशाळेच्या वळणाची. तेव्हा फाइलीचं नाव १४ अक्षरांत बसवावं लागे. त्यात मोकळी जागा सोडण्याची चैन कोण करणार? तोडगाही पुढे निघाला. 'फाइंड'ला 'प्रिंट-शून्य' सांगायचं आणि एक्सआर्ग्जला 'उणे शून्य'. मग दोन नावांमध्ये असं एक अदृश्य चिन्ह पडतं, जे फाइलीच्या नावात येऊच शकत नाही. सगळी नावं शाबूत!

माझा आक्षेप इथंच आहे. शहाणपणा मागितल्यावर मिळतो, वेंधळेपणा मात्र न मागता. नळातून एकही नाव आलं नाही, तरी लिनक्सवरचा एक्सआर्ग्ज आज्ञा एकदा चालवतोच. पाहुणा नाही, तरी पान मांडलेलं. नको असेल तर 'उणे आर' म्हणा! जाणत्याला हे ठाऊक असतं. नवख्याला आजोबा गेल्यावर कळतं.

तरी आज्ञा कामाची आहे, घरात असावी. फक्त पहिल्या खेपेला आरएमच्या जागी बिचारी 'इको' बसवावी. ती नुसती यादी वाचून दाखवते, कुणाला हात लावत नाही. एका वेळी एकच नाव द्यायला सांगितलं, तर कुठं कुणाचे दोन तुकडे झाले तेही दिसतं.

आमच्या स्नेह्यांनी मात्र निराळाच उपाय काढलाय. ते आता 'आत्याचंलग्नभोर' अशी सलग नावं देतात. शुद्धलेखनाच्या मास्तरांनी पाहिलं असतं, तर छडी एक्सआर्ग्जला सोडून यांच्याच हातावर बसली असती.