खर्जाचे ऋण

आपल्याकडे गाण्याचे कौतुक गळ्यापाशी सुरू होते आणि बहुधा गळ्यापाशीच संपते. फार तर पेटीवाल्याच्या वाट्याला एखादी दाद येते. गाणे ज्या खर्जावर उभे असते, त्याची दखल घेण्याची सवय आपल्या समीक्षेला नाही. परक्या मुलखातल्या काही जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकताना ही उणीव प्रकर्षाने जाणवते.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील खेड्यापाड्यांत वाढलेल्या गाण्याला तिकडे ‘कंट्री’ म्हणतात. जिम रीव्हजमुळे ते गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत केव्हाच रुळले. इब्रामपूरसारख्या गावात भजन-दशावतारावर वाढलेल्या कानांना मात्र ते परके वाटते. वास्तविक त्याचा पाया आपल्या ओळखीचा आहे. या गाण्यांतला बास बहुतेक वेळ दोनच स्वर आलटून पालटून वाजवतो : स्वरमेळाचा मूळ स्वर आणि त्याचा पाचवा. म्हणजे आपले षड्ज-पंचमच! तंबोरा एका जागी बसून जे करतो, ते हा बास चालता चालता करतो. स्वरमेळ बदलला की त्याचा षड्जही हलतो.

जॉनी कॅशचे ‘आय वॉक द लाइन’ (१९५६) घ्या. मेम्फिसच्या सन स्टुडिओतल्या या मुद्रणात ड्रम नाही. कॅशने गिटारच्या तारांखाली कागद सरकवून तालाची खरखर काढली. माणसाहून उंच असा उभा बास वाजवणारा मार्शल ग्रँट हा मोटार मेकॅनिक होता. कडव्यागणिक पट्टी बदलते, पण चाल ढळत नाही. येथे कसब बेताचे आहे, संयम मात्र पुरेपूर.

पॅट्सी क्लाइनच्या ‘क्रेझी’त (१९६१) तर दोन बास आहेत. बॉब मूरचा उभा बास आणि हॅरॉल्ड ब्रॅडलीचा सहा तारांचा, विजेवरचा. त्या काळच्या लहान रेडिओतून उभ्या बासचा खोल नाद नीट पोहोचत नसे. म्हणून तेच स्वर तारा तळव्याने दाबून टोकदारपणे वाजवण्याची पद्धत नॅशव्हिलमध्ये पडली. पखवाजाची कणीक लावलेली डावी पुडी घुमारा देते आणि शाईची उजवी पुडी बोलाला कड देते, तसेच हे.

जिम रीव्हजच्या ‘हील हॅव टू गो’मध्ये (१९५९) प्रश्न निराळा होता. गायकाचा गळाच खर्जातला आणि मायक्रोफोनच्या अगदी जवळून गायिलेला. तेथेही बास मूरचाच. तो गळ्याची वाट कोठेही अडवीत नाही. निर्माते चेट ॲटकिन्स यांच्या काळातील नॅशव्हिलच्या मुद्रणांत व्हायोलिनची आणि कोरसची साखर पुष्कळदा जास्त झाली, हा आक्षेप मला मान्य आहे. तरीही उत्तम गाणी त्या पाकात बुडाली नाहीत, याचे मोठे श्रेय मी बासला देतो.

त्या तबकड्यांवरही ठळकपणे नाव असे ते गायकाचेच. तथापि वादकसंघाच्या कागदपत्रांत कोणत्या दिवशी कोण वाजवत होता हे नोंदले जाई. म्हणून मूर, ब्रॅडली ही नावे आज घेता येतात. आपल्याकडे काय? हिंदी चित्रपटसंगीत समृद्ध करणाऱ्या गोमंतकीयांपैकी सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही नावे थोड्यांना तरी ठाऊक आहेत. पण आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात बास गिटार वाजवणारे टोनी वाझ किती घरांत माहीत असतील? लॉर्नाच्या कोंकणी गाण्यांवर जीव टाकणारा श्रोता ख्रिस पेरींपर्यंत पोहोचतो. बास कोणाचा, हे तो विचारीत नाही.

आज शाळांच्या स्नेहसंमेलनांत कीबोर्डची कळ दाबली की बास आपोआप वाजू लागतो. षड्ज-पंचम त्यालाही येतात. गाणारे मूल श्वासासाठी क्षणभर रेंगाळले, तर त्याच्यासाठी थांबणे त्याला येत नाही. ते माणसालाच येते. म्हणून आपल्या तालुक्यातल्या मंडळांनी, शाळांनी आणि घरोघरच्या रसिकांनी एवढे तरी करावे : कार्यक्रमपत्रिकेवर गायकाबरोबर प्रत्येक वादकाचे नाव छापावे आणि मुलांना एखादे गाणे केवळ खालचा स्वर धरून ऐकायला शिकवावे. पत्रिकेवर चार ओळी वाढतील, इतकाच खर्च.