खळ मारलेलं कापड

मुरूडला आम्ही चौघांनी मोबाईलवर 'धडक' बघितला. शशांक खैताननं २०१८ साली 'सैराट'वरून काढलेला हिंदी पिक्चर. संपल्यावर एकजण बोलला, "स्टोरीत दम नाय, पण काढलाय काय झकास!" बाकीच्यांनी माना डोलवल्या. मीपण. खोटं कशाला बोलू?

गिरणीतल्या माणसाला ठाऊक असतं, विरळ कापडाला खळ जास्त मारतात. हाताला कडक, डोळ्याला छान. एकदा धुतलं की पोत उघडा. उदयपूरचे महाल, तलाव, चकचकीत कपडे ही तसली खळ. नागराज मंजुळेच्या 'सैराट'मध्ये (२०१६) परश्याचा बाप मासे धरणारा. आपल्या किनाऱ्यावरचं पोर त्याला लगेच ओळखतं. 'धडक'मध्ये बाप हॉटेलवाला झाला आणि जात उरली एखाद्या वाक्यापुरती. मग शेवटी मारतात ते कशापायी?

मग आपला पिक्चर धुरकटच असावा काय? मुळीच नाही. 'सैराट'च्या संगीतासाठी हॉलिवूडचा वाद्यवृंद वाजला. अजय-अतुल दोन्हीकडे, 'झिंगाट'ही दोन्हीकडे. खोट तंत्रात नाही. कापडातलं सूतच काढून घेतलं.

फोटोग्राफी चांगली तर चांगली म्हणा. पण तेवढ्यावर फसलेल्या पिक्चरला माफी कशाला? वस्तीतल्या पोरानं फिल्म काढली, कॅमेरा जरा हलला, की पहिल्या मिनिटाला हसतो आपण. तिथं नाही माफी. हा कुठला न्याय?

आधी धुऊन बघा. मग दाम ठरवा.